काचेतला समुद्र आणि आपले पहिले अणुव्रत



गेल्या पर्युषणात व्याख्यान संपवून स्थानकाच्या पायऱ्या उतरत होते, तर एकीने मला बाजूला घेतले. "भाभी, तुमच्याकडे म्हणे समुद्र आणलाय घरात? मासे पण आहेत? आपल्या घरात?" शेवटचे दोन शब्द तिने जरा हळू आवाजात म्हटले. मी हसून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर माझ्याकडे उत्तरच नव्हते. आता आहे, म्हणून लिहिते.

संगमनेर म्हणजे प्रवराकाठचे गाव. मुंबईचा समुद्र इथून दोनशे किलोमीटरच्या पुढे. पण पुण्यात माझ्या मुलाच्या मित्राकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. रंगीत मासे, डुलणारी प्रवाळे, निळा उजेड. तेरा वर्षांच्या नातवाने ती पाहिली आणि घरी येऊन दोन महिने एकच धोशा लावला. मुलगा म्हणाला, "आई, अभ्यासच आहे हा." सूनबाई गप्प. मी बी.कॉम., तेव्हा मी आधी खर्चाचा कागद मागितला.

टाकी 75 लिटरची, म्हणजे या छंदात अगदी लहान. टाकी, दिवा, पंप, हीटर, खारेपणा मोजायचे यंत्र, पाणी तपासायच्या बाटल्या, मीठ आणि दगड मिळून अठ्ठेचाळीस हजार. पाणी थंड ठेवायच्या चिलरचे पंचवीस हजार वेगळे. ते मी कापले आणि "पंखा लावा" म्हटले. ही माझी काटकसर पुढे कुठे गेली ते सांगतेच.

पाण्याचा हिशोबही ऐका. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 75 लिटरला अडीच किलोहून जास्त मीठ, आणि तेही आपले डब्यातले नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेले खास मीठ. पाणी आर.ओ.चे लागते, आणि एक लिटर आर.ओ. पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडते. ते मी फरशीला आणि भांड्यांना वापरते. दर आठवड्याला सात-आठ लिटर खारे पाणी बदलावे लागते. ते झाडांना घालता येत नाही, झाड जळते. उन्हाळ्यात वाफ होते तेव्हा पाणी जाते पण मीठ मागे राहते, म्हणून वरून गोडे पाणीच भरायचे. अप्कायाची विराधना नको म्हणून आपण गाळून, मोजून पाणी वापरणाऱ्या बायका. रोज बादली हातात घेताना मला हे आठवत होते.

टाकी भरली आणि पुढचे सहा आठवडे तिच्यात एकही मासा नव्हता. शेजारणी येऊन बघत आणि म्हणत, "रिकामीच?" रिकामी नव्हती. माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न सडले की अमोनिया होतो. तो माशाला विष. दगडावर आणि वाळूत एक प्रकारचे सूक्ष्म जीवाणू वाढतात, ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच कमी घातक. ही साखळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नातू रोज संध्याकाळी थेंब टाकून रंग बघायचा आणि वहीत लिहायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांवर सगळे चालते, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आले. त्याला ते पटले त्या बाटलीतल्या रंगावरून.

आपल्याकडे वाढदिवसाला टाकी आणि मासे एकाच संध्याकाळी घरी येतात. आठवड्यात मासे मरतात आणि आपण म्हणतो, "त्यांचे आयुष्यच तेवढे." आयुष्य तेवढे नसते, आपले अज्ञान तेवढे असते.

मग प्रश्न आला कोणते जीव आणायचे. यावर मात्र मी हटून बसले.

खाऱ्या पाण्यातले बरेच शोभेचे मासे अजूनही थेट समुद्रातून पकडून आणतात. फिलिपिन्स, इंडोनेशियाकडे सायनाइड फवारून, मासे गुंगवून पकडायची रीत वर्षानुवर्षे चालत आली. त्यात मासे मरतात आणि आजूबाजूची प्रवाळेही. मुलांच्या सिनेमातला तो निळा मासा प्रयोगशाळेत वाढवणे 2016 साली अमेरिकेत फ्लोरिडाला पहिल्यांदा जमले. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश मात्र टाकीतच अंडी घालतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याची पिल्ले वाढवायची पद्धत बसवली आहे. म्हणून मी म्हटले, आणायचेच तर टाकीत जन्मलेले दोन क्लाउनफिश. समुद्रातून ओढून आणलेला एकही नको.

प्रवाळाची गोष्ट आणखी वेगळी. एका दुकानात दगडी प्रवाळाचा तुकडा दाखवला. मी कागद मागितला, तर दुकानदाराने विषय बदलला. बिल नाही तर माल नाही, एवढे कॉमर्स मला येते. घरी येऊन वाचले तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, 2001 पासून आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळे आहेत. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्यात आहेत. ती काढणे, विकणे गुन्हा आहे. आम्ही शेवटी पुण्याच्या त्याच मित्राकडून, त्याच्या टाकीत वाढलेल्या मऊ प्रवाळाचा एक लहान तुकडा घेतला. बोटाच्या पेराएवढा.

आता एक अवघड गोष्ट. 'जीवविचार' प्रकरणात शांतिसूरींनी विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकायात सांगितले आहे आणि शंख-कवडी बेइंद्रियांत. आजचे विज्ञान म्हणते, प्रवाळ हा प्राणीच आहे. मोहरीपासून नाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात, प्रत्येकाला तोंड, भोवती बारीक बोटे. दगडी जातीचे जीव चुन्याचे घर बांधतात आणि अंगात सूक्ष्म शेवाळ बाळगतात. ते शेवाळ उन्हातून अन्न करून त्यांना देते. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी तापून आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. नातवाने मला विचारले, "दादी, मग कोण बरोबर?" मी म्हटले, आपल्याला त्यात वाद घालायचे कारण नाही. शास्त्रानेही त्याला निर्जीव म्हटलेले नाही. दोन्ही हिशोबांत तो जीवच आहे.

हे बोलताना माझे लक्ष माझ्याच बोटाकडे गेले. मंगळासाठी घातलेली पोवळ्याची अंगठी. आपल्यातल्या कितीजणींच्या हातात, गळ्यात ती आहे! टाकीतल्या माशावर बोट ठेवणाऱ्या त्या बोटातही. माझी मी काढून ठेवली. तुम्ही काढा असे म्हणत नाही, पण एकदा बघा तरी.

मासे आले आणि खरी परीक्षा सुरू झाली, ती खाण्याची. आपण बिस्किटाचा पुडा घेताना अंडे आहे का, जिलेटिन आहे का, हिरवा ठिपका आहे का, सगळे वाचतो. माशांच्या खाण्याची डबी वाचली तर पहिलाच घटक माशांची भुकटी. दुसरा पर्याय गोठवलेली कोळंबी, आणि ती ठेवायची फ्रीजमध्ये, दुधाच्या वर! मी ठाम नाही म्हटले. डबी आली, ती गॅलरीत राहिली. शेवाळाच्या गोळ्या देऊन पाहिल्या, पण तेवढ्यावर या जातीचे पोट भरत नाही. म्हणजे माझ्या हौसेच्या दोन जीवांसाठी रोज दुसरे जीव. पंधरा कर्मादानांतले असतीपोषण मी इतकी वर्षे ऐकत आले, पण ते कुणा शिकाऱ्याच्या घरचे असेल असे वाटायचे. एका साध्वीजींना मी विचारले, आता काय करू? त्या एवढेच म्हणाल्या, "आणायच्या आधी विचारले होते का?"

आणि मग मे महिना आला. नाशिकला लग्न होते, घर बंद. दुपारी पाच तास वीज नव्हती. पंखा बंद, पंप बंद. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि पंप थांबला की हवाही मिसळत नाही. आम्ही रात्री आलो तेव्हा दोनातला लहान मासा तळाशी होता. सहाशे रुपयांचा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असता तर बहुधा वाचला असता. चिलरचे पंचवीस हजार मी वाचवले होते. माझ्या वहीत ती रक्कम अजून जमेच्या बाजूला आहे, आणि ती मला बघवत नाही.

त्या रात्री प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे अतिचार म्हणताना माझा आवाज अडकला. बंध, वध, अंग छेदणे, अतिभार, अन्नपाणी तोडणे. पन्नास वर्षे म्हणते आहे. बंध म्हटले की डोळ्यांपुढे दावणीचा बैल यायचा. काच कधी आली नाही.

कळल्यावर एका बहिणीने प्रेमाने सुचवले, "उरलेला मासा प्रवरेत सोडून द्या, अभयदान होईल." मैत्रिणींनो, हे मुद्दाम लिहिते आहे. खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात सोडला तर अंगात पाणी शिरून तो थोड्याच वेळात तडफडून मरतो. आणि गोड्या पाण्यातला टाकीतला मासा नदीत सोडला तर कधी तो जगतो आणि तिथल्या मूळ माशांच्या जिवावर उठतो. अटलांटिक समुद्रात लायनफिश असाच पसरला, आणि लोकांनी टाकीतून सोडलेल्या माशांपासून ते सुरू झाले असे मानतात. चातुर्मासात आपण जीव सोडवतो, ते पुण्यच. पण आपल्याकडे दयेच्या आधी ज्ञान सांगितले आहे. कुठला जीव, कुठल्या पाण्याचा, हे न जाणता केलेली दया म्हणजे हिंसाच, फक्त हात जोडून केलेली.

मग माझे मत काय? स्पष्ट सांगते. आपल्या घरात अशी टाकी मांडू नये. शोभेसाठी तर नाहीच, आणि मुलांच्या शिक्षणासाठी म्हणाल तरी नाही. नातू पुष्कळ शिकला, हे मी नाकारत नाही. पहाटे सामायिक आटोपून त्या काचेपुढे बसले आणि प्रवाळाची बोटे उमलताना पाहिली की माझेही मन हरखते, हेही लपवत नाही. पण ते शिक्षण आपले आणि त्याची फी दुसऱ्या जीवाने भरली. प्रवाळ पाहायचे तर आपल्याच महाराष्ट्रात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहेत. 1987 पासून तो सागरी अभयारण्याचा भाग आहे. मुलांना तिथे न्या. पाण्यात उतरून बघा, हात लावू नका, पाय टेकू नका, तुकडा उचलून आणू नका.

आणि ज्यांच्या घरी टाकी आधीच आहे, त्यांनी आता हात झटकू नयेत. गायीला पांजरपोळ आहे, या माशाला नाही. क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. मी सहासष्टची. नातू पाच वर्षांत कॉलेजला पुण्याला जाईल. म्हणजे हा जीव शेवटी माझ्याच पदरात आहे, आणि कदाचित माझ्या मागेही राहील. म्हणून चिलर घेतला, बॅटरीचा पंप घेतला, पाणी बदलायची पद्धत सूनबाईला वहीत लिहून दिली. नवा मासा आणायचा नाही, असा घरात सगळ्यांनी नियम घेतला. नातवाने स्वतःहून घेतला. या एका जीवाचे आयुष्य पूर्ण होईल तेव्हा टाकी रिकामी होईल आणि रिकामीच राहील.

स्थानकाच्या पायरीवर विचारणाऱ्या बहिणीला माझे उत्तर हे: हो, आपल्या घरात. चूक झाली, आणि ती रोज सकाळी सात वाजता खायला मागते. मी खायला घालते.

त्या लहान माशाला आणि ज्यांच्या भुकटीवर तो जगला त्या सर्व जीवांना, मिच्छामि दुक्कडं.