चित्रकथेतील नायिकेचे गहाळ किशोरवय

परिचित नायिकेला तिच्या प्रौढ कर्तृत्वाच्या अलीकडे, तेरा ते एकोणीस या वयात नेऊन तिची कथा नव्याने सांगण्याची रीत गेल्या दीड-दोन दशकांत इंग्रजी कुमार-कादंबरीत चांगलीच रुजली. आपल्याकडे ती दूरदर्शन-मालिकांच्या वाटेने आली. तिच्याविषयी मराठीत दोन प्रकारची मते ऐकू येतात. एका पक्षाला हे राष्ट्रपुरुषांचे थिल्लरीकरण वाटते (राणी लक्ष्मीबाईंनाही आपण याच शब्दात कोंबतो, ही गंमत अलाहिदा). दुसऱ्या पक्षाला मुलींसमोर आदर्श उभा राहिला याचे समाधान वाटते. दोन्ही पक्षांनी संहिता वाचण्याचे टाळले आहे. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन असे की, नायिकेचे किशोरवय म्हणून जे दाखविले जाते ते तिच्या प्रौढ पराक्रमाचे लघुचित्र असते. आणि तिचे प्रत्यक्ष किशोरवय ज्या घटनांनी व्यापलेले होते त्या वगळल्याखेरीज हे लघुचित्र काढताच येत नाही.

उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेला निबंध या संदर्भात अजून उपयोगी आहे. मिथकातील नायकाचे चरित्र आधीच पूर्ण झालेले असते. कादंबरीतील नायक आपल्यासमोर काळाकडून खर्च होत जातो. चित्रकथेच्या नायकाला दर आठवड्याला काहीतरी करायचे असते आणि तरीही खर्च व्हायचे नसते. म्हणून त्याने लग्न करता कामा नये, कारण लग्न हे मरणाच्या दिशेने टाकलेले पाऊल ठरेल. एकोंच्या या विवेचनाचा भार प्रत्यक्षात वाहिला तो लॉइस लेनने. जून १९३८ च्या अंकात ती वार्ताहर म्हणून अवतरली. १९५८ ते १९७४ या काळात तिच्या नावाचे स्वतंत्र मासिक निघाले, ते मात्र 'सुपरमॅनची मैत्रीण' या बिरुदासह. आणि त्यातील कितीतरी कथा त्याचे रहस्य हुडकण्याच्या व त्याच्याशी लग्न जुळविण्याच्या खटपटीभोवती फिरतात. नायकाला काळापासून वाचविण्यासाठी नायिकेला हास्यास्पद करण्यात आले.

ग्वेंडा बाँड यांनी २०१५ मध्ये 'फॉलआउट' या कादंबरीत हीच लॉइस शाळकरी वयात आणली. सैनिकी अधिकाऱ्याची मुलगी, सतत बदलणारी गावे, नवी शाळा. संगणकीय खेळातील एका टोळीने छळलेली एक विद्यार्थिनी. आणि दाद न देणारे मुख्याध्यापक. लॉइस या प्रकरणाची बातमी करते. या रचनेचे बळ एका साध्या गोष्टीत आहे. लॉइसजवळ मुळातच अतिमानवी शक्ती नाही, त्यामुळे लेखिकेला लघुचित्र काढण्याची सोयच नव्हती. प्रश्न विचारण्याची खोड सोळाव्या वर्षी असू शकते, आणि त्या वयात ती विशेष महागातही पडते. कादंबरीचा दुबळेपणाही सांगितला पाहिजे. लॉइसचा जो अनोळखी पत्रमित्र आहे तो कोण हे तिला ठाऊक नसले तरी वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. नायिकेच्या अज्ञानाकडे आपण कौतुकाने, म्हणजे वरून, पाहतो. पुढे काय होणार हे ठाऊक नसणे हे किशोरवयाचे मूळ लक्षण. तेच येथे वाचकाच्या करमणुकीचे साधन होते.

आता आपल्या घरी यावे. मराठी वाचकाची सर्वांत परिचित चित्रकथा-नायिका कोण, याविषयी दुमत होऊ नये. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'च्या मराठी आवृत्त्यांतून झाशीची राणी दोन-तीन पिढ्यांच्या हाती पडली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या ज्या विद्यार्थिनींना मी पदव्युत्तर वर्गात शिकवते, त्यांच्यापैकी अनेकींना राणीचे चरित्र आठवते ते चौकटींच्या रूपातच. बत्तीस पानांत जन्म ते मृत्यू सांगायचा असल्याने बिठूरच्या मनूपासून झाशीच्या राणीपर्यंतचे अंतर काही चौकटींत ओलांडले जाते. जागेची टंचाई म्हणून ते क्षम्य मानू. परंतु २००९ साली सुरू झालेल्या हिंदी मालिकेला तशी टंचाई नव्हती. शेकडो भाग हाताशी होते. तिने काय केले? मनूला वेष पालटून इंग्रजांशी लढणारा 'क्रांतिगुरू' बनविले. २०१९ मध्ये दुसरी मालिका आली, तिच्यातही किशोरवयीन अभिनेत्रीच्या हाती तलवारच. म्हणजे एतद्देशीय चरित्रनायिकेला पुन्हा कल्पिताना आपण अमेरिकन चित्रकथेतील सर्वांत जुनी युक्ती, मुखवट्याआडची दुसरी ओळख, उचलली. बाँड यांनी लॉइसपुरती जी बाजूला ठेवली होती तीच.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. राणीच्या जन्मसालाविषयी दोन मते आहेत. प्रचलित मत १८२८ चे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मधील चरित्रात दिलेले साल १८३५ चे. गंगाधररावांशी विवाह १८४२ मध्ये झाला. पहिले मत मानले तर विवाहसमयी वधू तेरा वर्षांची, दुसरे मानले तर जेमतेम सहा-सात वर्षांची. कोणतेही मत स्वीकारा: बिठूरच्या मैदानात घोडा फेकणारी मनू फार तर किशोरवयाच्या उंबरठ्यावर आहे, नाहीतर निखळ बालिका आहे. तिचे किशोरवय झाशीच्या राजवाड्यात, विवाहित स्थितीत गेले. पारसनिसांचे साल धरले तर चित्र अधिकच कठोर होते. १८५१ मध्ये पुत्र झाला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची. तो काही महिन्यांत गेला. आणि २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले तेव्हा तिला अठरा पूर्ण होतात न होतात तोच वैधव्य आले. विवाह, बाळंतपण, अपत्यमृत्यू, वैधव्य: हे त्या नायिकेचे किशोरवय. कोणते साल खरे हा इतिहाससंशोधकांचा प्रश्न आहे. समीक्षकाचा प्रश्न वेगळा आहे. १८२८ हे साल निवडले की कथनाला घोड्यावरची काही वर्षे अधिक मिळतात, आणि सोळाव्या वर्षीची बाळंतीण पानावर आणावी लागत नाही. कालगणनेची निवडही आशयाची निवड असते.

असे का होते, याचे एक कारण आपल्या भाषेतच पडलेले आहे. या वयाच्या मुलीसाठी मराठीने घडविलेले शब्द पाहावेत: उपवर, न्हातीधुती, लग्नाची, आणि वेळेत लग्न न झालेली ती घोडनवरी. संस्कृत नायिकाभेदातील मुग्धाही नायकाच्या संदर्भातच मुग्ध असते. 'किशोरी' हा शब्द आपण अलीकडे आरोग्य-योजनांतून व्यवहारात आणला. त्याला अजून घरचा वास लागलेला नाही. ज्या वयाला लग्नाखेरीज नाव नाही, त्या वयाची स्वतंत्र कथा सांगताना निवेदक अडखळणारच. मग तो मुलीला घोड्यावर बसवितो. घोडनवरी टाळण्याचा हा एक मार्ग झाला.

तथापि भाषेचे हे दारिद्र्य मराठी कथनपरंपरेचे मात्र नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, आणि तिच्यात यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. विवाह, सासर, वैधव्य हे सारे तिच्या 'मी'मधून येते. घटना घडतात तेव्हा त्यांचा अर्थ तिला पुरता कळलेला नसतो, आणि हे न कळणे आपट्यांनी निवेदनात टिकवून धरले. एकोंच्या भाषेत सांगायचे तर यमू आपल्या डोळ्यांदेखत खर्च होते. जे १८९० मध्ये मराठी कादंबरीला साधले होते, ते शंभराहून अधिक वर्षांनी मालिकांना नको आहे. आणि आम्ही समीक्षक त्यांना 'बालसाहित्य', 'संस्कार', 'प्रेरणा' असल्या शब्दांच्या आडोशाने सोडून देतो. प्रेरणा हा समीक्षेचा निकष कधीपासून झाला, हे कोणीतरी एकदा सांगावे.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे: लहान वाचकांसमोर बाळंतपण आणि वैधव्य कसे मांडणार? हा आक्षेप मनापासूनचा असेलही, पण तो टिकत नाही. याच चित्रकथामालेत पद्मिनीचा जोहार बत्तीस पानांत मावला. मुंडकी उडतात, राक्षसांची पोटे फाडली जातात, स्त्रिया अग्निप्रवेश करतात. हिंसा वर्ज्य नाही. वर्ज्य आहे ती घरातली हिंसा, जिच्यात शत्रू परका नसतो. आणि किशोरवयीन नायिकेच्या वाट्याला आलेली हिंसा बहुधा याच जातीची असते.

तिचा पुरावा शोधण्यासाठी मला रेल्वेने फार दूर जावे लागत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे; त्याच्या पुढच्याच वर्षी जन्मलेली आणि कल्याणच्या जोशांच्या घरात वाढलेली यमुना, म्हणजे पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. (हरिभाऊंच्या नायिकेशी नामसाम्य हा योगायोग, पण विसरू नये असा.) तिचीही आता चित्रनायिका झाली आहे: नऊवारीतील पदवीधर, भिंतीवरच्या तक्त्यातील पहिली स्त्री-डॉक्टर. तिचे किशोरवय मात्र तपशिलाने ज्ञात आहे. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी प्रसूती, दहा दिवसांत मूल गेले. अठराव्या वर्षी, एप्रिल १८८३ मध्ये, अमेरिकेचे जहाज. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' या कादंबरीने हे सारे मराठी वाचकाला दिले, याबद्दल कृतज्ञ असावे. तरीही त्या कादंबरीची चालक शक्ती गोपाळरावांचा हट्ट, त्यांची विक्षिप्त सुधारणानिष्ठा हीच आहे. आनंदी घडविली जाते. समीर विद्वांस यांच्या २०१९ मधील चित्रपटानेही हाच सांगाडा स्वीकारला. येथे पराक्रमाचे लघुचित्र नाही, पण शिष्येचे आहे. किशोरवय पुन्हा पदवीची पूर्वतयारीच ठरते.

वास्तविक आनंदीबाईंनी स्वतःचे किशोरवय स्वतः लिहून ठेवले आहे. अमेरिकेतून पतीला धाडलेल्या एका पत्रात त्या वयवार हिशेब मांडतात: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारणे व सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. मीरा कोसंबी यांनी हे पत्र अभ्यासकांच्या नजरेस आणले. त्याची चर्चा सहसा गोपाळरावांच्या दोषादोषापुरती होते, आणि पत्राची कथनरीत तशीच राहून जाते. पाठोपाठ दिलेली तीन वये, प्रत्येक वयासमोर एक वस्तू, कोठेही शोकाचा आवाज नाही. हिंदू पत्नीला पतीसमोर बोलण्याचा अधिकार नाही, हेही त्या त्याच पत्रात म्हणतात, आणि बोलत राहतात. मग त्या पतीला एक प्रश्न करतात: तुम्ही पुनःपुन्हा सुचवीत होतात त्याप्रमाणे त्या अजाण वयात मी खरोखरच तुम्हाला सोडून गेले असते, तर काय झाले असते? वीस वर्षांच्या आतबाहेरची ही स्त्री आपल्याच किशोरवयाला दुसरे कथानक लावून पाहते आहे. त्या क्षणी पदवी, छायाचित्र, भिंतीवरचा तक्ता यांतले काहीच ठरलेले नाही. कादंबरी तेथून सुरू करता येते, आणि चित्रकथाही. पहिल्या चौकटीत दहा वर्षांची मुलगी आणि लाकडाचा एक तुकडा.