रान विका, पण ओघळ विकू नका

आज पिकावर नाही, सांगली कशी वाढली त्यावर लिहितोय. कारण परवा आमच्या बांधाला लागून असलेल्या रानात प्लॉट पाडायला फक्की मारली.

पटवर्धनांनी १८०१ च्या सुमारास मिरजेतून वेगळं होऊन सांगलीला राजधानी केली. जुनं गाव कृष्णाकाठी वसलं. पुढं मिरजेच्या वाटेवर १९१९ ला विलिंग्डन कॉलेज, १९४७ ला इंजिनिअरिंग कॉलेज आलं आणि विश्रामबाग वाढलं. कुपवाड साधं खेडं होतं, एमआयडीसी आली आणि त्याचं शहर झालं. ९ फेब्रुवारी १९९८ ला तिन्ही मिळून महापालिका झाली.

पण शामरावनगरसारखा भाग काळ्या, सखल रानात उभा राहिला. एकराचे ४० गुंठे, त्याचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे, बिनशेती न करताच विक्री. शेवटी २००१ ला सरकारनं गुंठेवारीचा कायदा केला. कागद नियमित करायची सोय झाली, पाण्याची नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तो महापूर होता. पण तिथं नुसत्या पावसाचं पाणीही दर पावसाळ्यात तुंबतं.

आपल्याला हे कळतं. काळी माती पाणी धरते, भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चिबड रानात आपण चर काढतो. घर बांधताना मात्र तीच ओघळ मुरूम टाकून बुजवतात.

मीही त्यात आहे. थोरल्या पोरीच्या लग्नाला १० गुंठे दिले. ओघळ त्यातच होती. घेणाऱ्यानं ती बुजवली. आता माझ्याच उसात पाणी उभं राहतंय, मुळ्या कुजतात, पाला पिवळा पडतो. भांडायला गेलो तर म्हणाला, "कागदावर ओघळ कुठाय?" बरोबर होतं त्याचं. मी लिहूनच घेतलं नव्हतं.

रान विकू नका म्हणणारा मी कोण? अडचण सगळ्यांना असते. पण मोजणीत ओढा, ओघळ दाखवा, खरेदीखतात वाट सोडून घ्या. आणि कृषीवाल्या साहेबांनो, माती परीक्षण उसालाच नको, प्लॉट पडतात तिथंही बोला.

उद्या शेजारच्या मालकाकडं जाणार आहे, फक्कीवर मुरूम पडायच्या आत. तुमच्याकडं कुणी ओघळ राखली असेल तर कशी, ते खाली लिहा.