वेगाच्या मापातील पाप

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा असंख्य मोबाईल एकाच वेळी जवळच्या मनोऱ्याकडे हात पसरतात. पडद्याच्या कोपऱ्यात ‘फाइव्ह जी’ ही अक्षरे झळकत असतात; त्यांमागे वेग किती, हे मात्र पैसे मोजणाऱ्या कामगाराला कोणी सांगत नाही. धान्याच्या मापात पाप करणाऱ्या दुकानदारासाठी २००९ चा वैधमापन कायदा आहे. वेगाच्या मापाचे काय?

माप अस्तित्वातच नाही, असे नव्हे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ साली ते घालून दिले. आदर्श स्थितीतील कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट. आणि दाट शहरी वस्तीतील ग्राहकाला शंभरातील पंचाण्णव वेळा तरी मिळावा असा वेग १०० मेगाबिट. जाहिरात पहिल्या आकड्याच्या भाषेत बोलते. ग्राहकाचा व्यवहार दुसऱ्यावर चालतो.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ही सेवा सुरू झाल्यापासून ‘खरे’ फाइव्ह जी कोणाचे, असा वाद कंपन्यांनी रंगवला. एकीने स्वतंत्र यंत्रणा उभारली, दुसरीने फोर जीच्या पायावर नवे जाळे चढवले. स्वतंत्र यंत्रणेने प्रतिसादातील विलंब घटू शकतो, हे खरे. परंतु वेग ठरतो तो मुख्यतः लहरींच्या पट्ट्याची रुंदी, मनोऱ्याचे अंतर आणि भोवतालची गर्दी यांवर. व्यापाऱ्यांच्या या भांडणात ग्राहकाचा प्रश्न बाजूलाच राहतो. अमेरिकेत तर एका बड्या कंपनीने सुधारित फोर जीलाच ‘फाइव्ह जी ई’ असे नाव दिले. जाहिरातींतून ते काढावे, अशी शिफारस तेथील जाहिरात-परीक्षण मंडळाला २०२० साली करावी लागली.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ‘ब्रॉडबँड’ म्हणवण्यासाठी किमान वेग ठरवला तो २ मेगाबिट, म्हणजे वरील मापाच्या पन्नासावा हिस्सा! दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी सेवाक्षेत्राचे नकाशे प्रसिद्ध करणे बंधनकारक केले, हे स्वागतार्ह आहे. पण जाळे कोठवर पोचले हे कळल्याने गर्दीच्या घटकेला काय हाती लागते, ते कळत नाही.

लहरी सर्वत्र सारख्या नसतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. म्हणूनच मागणी प्रत्येक क्षणाच्या हमीची नाही. गर्दीच्या वेळी बहुसंख्य ग्राहकांना किती वेग मिळतो, ते दरपत्रकावर छापण्याची आहे. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. सार्वजनिक मालमत्ता विकणाऱ्याने जनतेला हिशेब द्यायला हवा.

कार्यकर्त्यांनी त्याची वाट पाहत बसू नये. प्राधिकरणाचेच ‘मायस्पीड’ ॲप घेऊन आठवडाभर पाळी सुटताना आणि मध्यरात्री अंबडमध्ये नोंदी कराव्यात. भविष्य निर्वाह निधीपासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सारे ज्या फोनवर आले आहे, त्याचे माप तपासणे हे कामगारांच्या चळवळीचेच काम आहे.