माल आपला, जहाजे परक्यांची

आकारमानाने पाहता भारताचा सुमारे ९५ टक्के विदेश व्यापार सागरी मार्गाने चालतो. कच्चे तेल टँकरमधून येते, कोळसा बल्क कॅरियरमधून; यंत्रे व कापड न्हावा-शेव्याला कंटेनर जहाजांत चढते-उतरते. मात्र यांतील बहुसंख्य जहाजांवर परकीय ध्वज असतो आणि भाड्यापोटी परकीय चलन देशाबाहेर जाते. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले, ते ब्रिटिशांच्या मक्तेदारीला आव्हान देतच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे स्वागतार्ह आहे. केवळ बंदरे वाढवून भागणार नाही. संकटकाळी परका जहाजमालक आधी स्वतःचे हित पाहील. म्हणून तेलवाहू व मालवाहू जहाजे स्वदेशी हवीत.