आधीं शिष्य, मग उपदेशक

थोरांचीं चरित्रें सांगण्याची आपली एक ठराविक रीत होऊन बसली आहे. जन्म अमुक सालीं, धर्मसेवेस आरंभ अमुक सालीं, मृत्यु अमुक सालीं आणि शेवटीं सद्‌गुणांची एक माळ! वक्तृत्वाच्या स्पर्धेंत मूल ती माळ घडाघडा म्हणून दाखवितें, टाळ्या पडतात, आणि चरित्रनायक पुन्हां भिंतीवरील तसबिरींत जाऊन बसतो. माझ्या मतें या रीतीनें चरित्रांतील सर्वांत मोलाची गोष्टच हातची निसटते. ती गोष्ट म्हणजे त्यांचें विद्यार्थीपण. ज्यांनीं लोकांस कांहीं दिलें, ते आधीं कित्येक वर्षें लोकांचे शिष्य झाले होते. एक धर्मगुरु, एक विदुषी व एक चित्रकार अशीं तीन उदाहरणें घेऊन हें विधान पडताळून पाहूं.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु. १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत ते गोव्यास उतरले. राज्य पोर्तुगिजांचें होतें. राज्यकर्त्यांच्या भाषेंत उपदेश करून मोकळें होणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. साष्टी प्रांतांत राहून ते कोंकणी शिकले, मराठी शिकले. येथील लोकांस पुराणश्रवणाची गोडी आहे हें ओळखून त्यांनीं ओवी आपलीशी केली. १६१६ सालीं राशोल येथें छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणां’त सुमारें ११,००० ओव्या आहेत. देवनागरीचे ठसे हाताशीं नसल्यामुळें ही मराठी रोमन लिपींत छापावी लागली. गोव्यास उतरल्यापासून ग्रंथ छापून होईपर्यंत ३७ वर्षें लोटलीं होतीं! त्यांनीं रचिलेलें कोंकणीचें व्याकरण तर त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० सालीं, प्रसिद्ध झालें.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. त्यांचा जन्म १८५८ चा. संस्कृतांत त्यांची गति एवढी कीं, १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनीं गौरविलें. अशा बाईंस आणखी शिकण्याची गरज ती काय? परंतु केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचून आलेल्या शेंकडों मुली व विधवा होत्या. त्यांना समजेल असें शास्त्र त्यांच्या हातीं द्यावें, या तळमळीनें रमाबाईंनीं वयाच्या पंचेचाळिशीच्या सुमारास मोठें काम अंगावर घेतलें. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठींत उतरविण्याचें तें काम होय. विद्वान् होणें कठीण खरें. पण विद्वत्ता बाजूस ठेवून अशिक्षित मुलीस कळेल असा शब्द शोधणें त्याहूनही कठीण. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेवला. मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच आपल्या छापखान्यांत छापलेलें संपूर्ण बायबल १९२४ सालीं बाहेर पडलें.

तिसरे आंजेलो द फोन्सेका. १९०२ सालीं गोव्यांत जन्मलेले हे गृहस्थ मुंबईस वैद्यकाचा अभ्यास करीत होते. तो सोडून ते चित्रकलेकडे वळले व शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बसु यांच्या चरणांपाशीं बसले. तेथें मिळालेल्या दृष्टीनें त्यांनीं पवित्र मरियेचीं चित्रें काढलीं, तीं साडी नेसलेल्या देशी मातेचीं. गोव्यांतील अनेकांस हें रुचलें नाहीं. वस्तुतः युरोपांतील चित्रकारांनींही तिला आपापल्या देशाचींच वस्त्रें लेवविलीं होतीं! फोन्सेका वाद घालीत बसले नाहींत. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून ते आपलीं चित्रें काढीत राहिले. १९६७ सालीं ते वारले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यांतच, पर्वरी येथें, जपून ठेविला आहे.

आतां कांहीं पालक म्हणतील, “हें सर्व ठीक, पण पोटास इंग्रजी लागते. मराठी उत्तीर्ण होण्यापुरती आली म्हणजे पुरे.” इंग्रजी अवश्य शिकावी. स्टीफन्स यांची ती मातृभाषाच होती, आणि रमाबाईंनीं तींत ग्रंथ लिहिला आहे. परंतु एक भाषा येण्यासाठीं दुसरी विसरावी लागते, असें या चरित्रांत कोठेंही आढळत नाहीं. आज कित्येक घरांत आजीचें मराठी शास्त्र कपाटांत पडून आहे. नातवास त्यांतील एक ओळ धड वाचतां येत नाहीं, आणि आजीशीं दोन वाक्यांपलीकडे त्याचें बोलणें जात नाहीं. परका इंग्रज जी भाषा शिकण्यासाठीं वर्षानुवर्षें झिजला, ती आपलीं मुलें फुकट मिळाली असतां टाकून देत आहेत. हा तोटा गुणपत्रकांत दिसत नाहीं, म्हणून तो तोटा नव्हे काय?

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, यापुढें कोणाही थोराचें चरित्र वाचाल तेव्हां सनावळी पाठ करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: हा मनुष्य काय शिकला? कोणापाशीं शिकला? आणि किती वर्षें शिकला? निबंधांत गुणांची माळ ओंवण्याऐवजीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहा. आणि पालकहो, तुम्ही रोज संध्याकाळीं मुलाकडून एक पान मराठी मोठ्यानें वाचवून घ्या. चुकलेला शब्द आजीनें सुधारावा. गुरु घरांत बसलेला आहे; उणीव आहे ती केवळ शिष्याची.