खेळाडूंच्या यादीतून ओसरलेली नावे

2025 च्या मार्चमध्ये नागपूर येथे केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भाने रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. त्या मोसमातील विदर्भाच्या खेळाडूंची नामावली चाळताना धावा-बळींखेरीज आणखी एक गोष्ट नजरेत भरते. यश, हर्ष, पार्थ, अथर्व, अक्षय, ध्रुव! यांतील अथर्व तायडे तर आपल्या अकोल्याचा. आता 1947-48 साली ऑस्ट्रेलियाला गेलेल्या भारतीय संघातील काही नावे पाहा : दत्तू फडकर, चंदू सरवटे, खंडू रांगणेकर, हेमू अधिकारी, विनू मंकड. दत्तू किंवा खंडू आज वरच्या दर्जाच्या क्रिकेटमध्ये औषधालाही सापडणे कठीण.

ही वस्तुतः घरातली नावे होत. दत्तू म्हणजे दत्तात्रय, खंडू म्हणजे खंडेराव. 1964 साली मद्रासला सलग 21 षटके निर्धाव टाकणारे बापू नाडकर्णी कागदोपत्री रमेशचंद्र होते. मैदानावर सवंगडी ज्या नावाने हाक मारीत, तेच वृत्तपत्रांत छापून येई. आज कोवळ्या वयातच जन्मदाखला जोडून मुलाची नोंदणी करावी लागते, आणि दाखल्यावरचे नावच पुढे धावफलकावर चढते. घरातला बापू अजून हयात असेल. यादीतून तेवढा तो गेला.

परंतु एवढ्याने सारा उलगडा होत नाही, कारण दाखल्यावरची नावेही बदलली आहेत. विजय मांजरेकरांचे पुत्र संजय, सुनील गावसकरांचे रोहन, सचिन तेंडुलकरांचे अर्जुन. नाव ठेवण्यास पैसा पडत नाही, त्याची जाहिरात करणारा कारखानदार नाही, तरीही त्यात फॅशन असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लीबरसन यांनी 2000 साली या विषयावर ग्रंथच लिहिला, तो याच कारणाने. शिवाय खेळाडूंच्या नावांतून दिसणारी आवड वीस-पंचवीस वर्षे जुनी असते. आजचा संघ 2000 च्या आसपासची बारशी दाखवतो.

कीर्तीमुळे नाव पसरते, ही समजूतही पुरती खरी नाही. तेंडुलकरांचे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेले. त्यांच्यावरून नाव मिळालेला बीडचा सचिन धस 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 96 धावा काढून गेला खरा; पण तो अपवादच म्हणावा लागेल. इतक्या मोठ्या कीर्तीच्या मानाने आजच्या संघांत सचिन फारच थोडे.

कुस्तीतले वळण अधिक मौजेचे आहे. खाशाबा, गणपतराव, मारुती, श्रीपती यांच्या जागी अलीकडच्या महाराष्ट्र केसरींत हर्षवर्धन, शिवराज आणि पृथ्वीराज दिसतात. देवांची आणि घरगुती नावे मागे पडून राजांची पुढे आली.

यात हळहळण्यासारखे काही आहे काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. पूर्वी पहिल्या नावावरून गाव, थर आणि पुष्कळदा जातही ओळखता येई. आज महाविद्यालयातील हजेरीपटावरचा अथर्व कारकुनाचा की कोरडवाहू शेतकऱ्याचा, हे नावावरून सांगता येत नाही. अर्थात आडनाव सांगतेच. गुणवत्ता निर्विवाद असूनही पालवणकर बाळू यांना हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आणि तो काळ सरला, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण निरनिराळ्या आडनावांचे अर्ज धाडून पाहिले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. हा अभ्यास 2007 सालचा.

रणजीपर्यंत पोचलेल्याचे आकडे त्याची बाजू मांडतात. कुमारांच्या पहिल्या निवड चाचणीत मात्र आकडे नसतात. दहा-वीस चेंडूंत पोराचा निकाल लागतो. अशा वेळी निवड समितीच्या हाती नावांची यादी असण्याचे प्रयोजन काय? मुलांच्या पाठीवर क्रमांक लावावेत, समितीला क्रमांकच द्यावेत, आणि नावे निवड जाहीर करतानाच उघडावीत. विद्यापीठे परीक्षेच्या उत्तरपत्रिका याच रीतीने तपासून घेतात.