मनगटाएवढं घड्याळ

पुरुषाचं घड्याळ मोठंच हवं, हे मत आता इतकं रुळलंय की दुकानात ३४-३५ मिलिमीटरचं घड्याळ मागितलं की काउंटरपलीकडून ठरलेलं उत्तर येतं, ‘‘साहेब, ते लेडीजमध्ये बघा.’’ आणि ट्रेमध्ये समोर येतात ४२, ४४, ४६ मिमीची धुडं. बारीक मनगटाच्या माणसाने त्यातलं एखादं चढवलं की पट्टा अडकवायचे कान हाताच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात, कफाचं बटण लागत नाही, तरी विक्रेता ‘‘भारदस्त दिसतंय’’ म्हणायला मोकळा. या भारदस्तपणाच्या बाजूने जे काही सांगितलं जातं, ते जरा तपासायला हवं.

सगळ्यात लाडका मुद्दा म्हणजे लहान घड्याळ बायकी दिसतं. मग आपल्या बापजाद्यांच्या हातावर काय होतं? एचएमटीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांच्या ‘जनता’चा व्यास साधारण ३५ मिमी, ‘पायलट’चाही त्याच मापातला. एसटीचे ड्रायव्हर, शाळेचे हेडमास्तर, तालमीत घाम गाळून आलेले पैलवान हेच घड्याळ लावून हिंडले. त्यांना कोणी बायकी म्हटल्याचं ऐकिवात नाही. परदेशातही वेगळं नव्हतं. पाटेक फिलिपचं १९३२चं कॅलाट्राव्हा जेमतेम ३१ मिमीचं. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५चं, डे-डेट १९५६चं, दोन्ही ३६ मिमी. आणि यातलं दुसरं तर राष्ट्राध्यक्षांचं घड्याळ म्हणून मिरवलं गेलं. आज ज्याला ‘लहान’ म्हणतात ते कित्येक दशकं पुरुषांचं नेहमीचं माप होतं.

मोठी घड्याळं तेव्हाही होती, पण त्यांना काम होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकी पथकांतली ५५ मिमीची घड्याळं जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधली जात. इटलीच्या नौदलाचे पाणबुडे ४७ मिमीचं पानेराय लावत, ते काळोख्या पाण्यात वेळ दिसावी म्हणून. १९९३मध्ये पानेरायने सामान्य गिऱ्हाइकासाठी ४४ मिमीची घड्याळं काढली, त्याच वर्षी ओदमार पिगेचं ४२ मिमीचं ऑफशोअर आलं, १९९६च्या ‘डेलाइट’ चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलनच्या हातात पानेराय झळकलं, आणि वारं फिरलं. पाणबुड्याचं माप आलं, पाणी राहिलं मागे. हाफ शर्ट घालून बँकेत चेक भरणाऱ्या माणसाला ४७ मिमीची गरज कुठे पडते, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

‘‘वेळ नीट दिसते हो,’’ असं यावर सांगतात. चाळिशी लागलेल्यांची अडचण खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण वेळ दिसते ती तबकडी आणि काटे यांच्या रंगातल्या फरकामुळे, आकडे मोकळे असल्यामुळे. ब्रिटिश लष्कराने महायुद्धाच्या अखेरीस १२ कंपन्यांकडून सैनिकांसाठी मनगटी घड्याळं करून घेतली. काळी तबकडी, पांढरे ठळक आकडे, अंधारात चमकणारे काटे, आणि माप ३५ ते ३८ मिमीच्या दरम्यान. रणांगणावर वाचता येत होतं ते ऑफिसात का वाचता येऊ नये? उलट आजच्या ४६ मिमीच्या तबकडीवर तीन उपतबकड्या, कडेने बारीक आकड्यांची रांग आणि चकचकीत रुपेरी पार्श्वभूमीवर रुपेरी काटे, एवढ्या गर्दीतून वाजले किती ते हुडकावं लागतं.

‘‘माणसं आता थोराड झाली’’ हे तर गमतीदारच. ३६वरून ४४ म्हणजे व्यास सुमारे २२ टक्क्यांनी वाढला आणि तबकडीचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट झालं. एका पिढीत कोणाचं मनगट दीडपट झालंय?

मोठेपणाआड आणखी एक गोष्ट दडते. स्वस्तातल्या बऱ्याच मोठ्या घड्याळांचं मशीन लहानच असतं. उरलेली पोकळी प्लॅस्टिकच्या कड्याने भरून काढतात. ओळखायची खूण सोपी : तारखेची खिडकी तबकडीच्या कडेपासून दूर, मध्याकडे सरकलेली दिसते. मशीनच्या तारखेची चकती जिथे संपते तिथेच खिडकी पडणार, केस कितीही फुगवा.

‘‘गिऱ्हाईकच मागत नाही’’ हेही ऐकू येतं. ट्रेमध्ये नसलेली वस्तू गिऱ्हाईक बोट दाखवून मागणार कशी? मागणी नसती तर रोलेक्सने २०१०मध्ये ३९ मिमीचं केलेलं एक्स्प्लोरर २०२१मध्ये पुन्हा ३६वर आणलं नसतं. ट्यूडरचं ब्लॅक बे ४१ मिमीवरून २०१८मध्ये ३९वर आणि २०२३मध्ये ३७वरही आलं. टायमेक्सने आपलं जुनं मार्लिन २०१७मध्ये ३४ मिमीमध्येच पुन्हा काढलं.

तेव्हा घड्याळ चपलेसारखं मापाने घ्यावं. मनगटाच्या वरच्या सपाट भागाची रुंदी पट्टीने मोजायची, आणि घड्याळाची एका कानाच्या टोकापासून समोरच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी त्याहून कमी आहे ना, ते पाहायचं. व्यासाचा आकडा एकटा फसवतो. आखूड, खाली वळलेल्या कानांचं ३९ मिमी बारीक हातावर बसतं, लांब सरळ कानांचं ३७ बसत नाही. चौकोनी घड्याळ त्याच आकड्याच्या गोल घड्याळापेक्षा मोठं वाटतं. जाडीही बघा, टायटनचं २००२चं एज अवघं साडेतीन मिमी जाड होतं, असलं घड्याळ कफाखाली सहज सरकतं. खिशाला फार झळ नको असेल तर १९८९पासून चालत आलेलं कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आहे, वजन २१ ग्रॅम.

जुनं एचएमटी घ्यायला हरकत नाही, पण डोळे उघडे ठेवून. बाजारात भडक गुलाबी, पोपटी तबकड्यांच्या ‘जनता’ मिळतात. त्या कारखान्यातून तशा निघालेल्या नाहीत, मागाहून रंगवलेल्या आहेत. अक्षरांच्या कडा भिंगातून बघितल्या की फरक कळतो.

आणि लेडीज काउंटरवर खुशाल जा. तिथे मात्र दुसरीच तक्रार ऐकू येईल. साधं, ठळक आकड्यांचं ३२-३४ मिमीचं घड्याळ शोधणाऱ्या बायकांपुढे खडे जडवलेली २६ मिमीची टिकली ठेवतात, नाहीतर ‘युनिसेक्स’ म्हणून ४१ मिमीचं धूड. मधलं माप दोन्ही काउंटरांनी मिळून गायब केलंय. ते पुरुषांनी आणि बायकांनी मिळूनच परत मागायला हवं, आणि मागताना आकडा मिमीमध्ये सांगावा, कारण ‘जरा लहान दाखवा’ म्हटलं की ४४ जाऊन ४२ येतं.